यूकेत स्वतःचं काम: इन्कम टॅक्स आणि व्हॅटचा घोळ, जाणकारांनी मदत करा

लंगडा_घोडा:
मंडळी, नोकरी सोडून एप्रिल २०२४ पासून स्वतःचं काम करतोय, यूकेत, सोल ट्रेडर म्हणून. छोट्या कंपन्यांची डेटाबेस आणि वेबसाइटची कामं. लिमिटेड कंपनी वगैरे काढलेली नाही. ५ एप्रिलला वर्ष संपलं, आता निवांत हिशोबाला बसलो तर डोक्याचा पार भुगा झालाय. पहिले नऊ महिने महिन्याला साधारण ४ हजार पौंडांची बिलं जायची, जानेवारीत दोन नवे क्लायंट आले तेव्हापासून ८ हजार. म्हणजे वर्षाचे ६० हजार. खर्च ५ हजार धरा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इन्शुरन्स, थोडा प्रवास वगैरे.

एक तर टॅक्स किती आणि कधी भरायचा? नोकरीत पगारातून परस्पर कापून जायचा त्यामुळे कधी ढुंकून बघितलं नाही. आणि दुसरं म्हणजे व्हॅट. एक मित्र म्हणतो तू ९० हजारांच्या आत आहेस, खुशाल झोप. दुसरा म्हणतो नफा ९० च्या वर गेला की मगच व्हॅट. दोघंही एवढं छातीठोकपणे सांगतात की मला दोघांचीही भीती वाटायला लागलीये.

नुसता_वाचक:
माझी पण हीच रड आहे. पुढच्या रांगेत बसलोय.

शिंपलाताई:
मी बुककीपिंग करते, रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी डोक्यात दोन वह्या वेगळ्या कर. इन्कम टॅक्स नफ्यावर, म्हणजे कमाई वजा खर्च. व्हॅटची मर्यादा उलाढालीवर, खर्च कितीही असो. तुझ्या दुसऱ्या मित्राने दोन्ही वह्या एकात शिवल्यात. पहिल्या मित्राचं अर्धवट बरोबर आहे पण त्याकडे नंतर येते.

टॅक्सचं बघ. नफा ५५,०००. पहिल्या १२,५७० वर काही नाही. तिथून ५०,२७० पर्यंत २० टक्के, म्हणजे ३७,७०० वर ७,५४० पौंड. उरलेल्या ४,७३० वर ४० टक्के, १,८९२. झाले ९,४३२. शिवाय क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स (स्वतःचं काम करणाऱ्यांनी नफ्यावर द्यायचा), त्याच दोन पट्ट्यांवर ६ टक्के आणि वर २ टक्के, ते २,३५६.६० होतात. त्याचाच दुसरा प्रकार, क्लास २, एप्रिल २०२४ पासून सक्तीचा राहिला नाही, त्याची काळजी सोड. सगळं मिळून ११,७८८.६०. (स्कॉटलंडमध्ये राहत असशील तर इन्कम टॅक्सच्या पट्ट्या वेगळ्या, सांग तसं.)

रिटर्न ऑनलाइन भरायची आणि पैसे द्यायची शेवटची तारीख ३१ जानेवारी २०२६. सेल्फ असेसमेंटची (आपला टॅक्स आपणच रिटर्नमध्ये कळवायची पद्धत) नोंदणी अजून केली नसशील तर ती ५ ऑक्टोबर २०२५ च्या आत.

लंगडा_घोडा:
इंग्लंडातच आहे. नोंदणी झालीये, दहा आकडी यूटीआर, म्हणजे करदात्याचा नंबर, पण आलाय. ताई तुमचे लाख उपकार. म्हणजे जानेवारीपर्यंत ११,७८८ बाजूला काढून ठेवले की सुटलो ना?

उनाड_मांजर:
आलं का पेमेंट ऑन अकाउंट आडवं.

शिंपलाताई:
हो ना, सगळे इथेच आपटतात. अरे नाही सुटलास. बिल १,००० पौंडांच्या वर असेल आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त टॅक्स आधीच कापला गेला नसेल तर पुढच्या वर्षाचा अंदाजे टॅक्स आगाऊ घेतात, दोन हप्त्यांत, प्रत्येक हप्ता गेल्या बिलाच्या निम्मा. त्यातला पहिला हप्ता त्याच ३१ जानेवारीला. म्हणजे ११,७८८.६० अधिक ५,८९४.३०, एका दिवशी १७,६८२.९० पौंड. आणि ३१ जुलै २०२६ ला पुन्हा ५,८९४.३०.

लंगडा_घोडा:
🙏🙏 खुर्चीवरून पडलो.

शिंपलाताई:
पडू नकोस, हा दंड नाहीये, तुझाच २०२५-२६ चा टॅक्स आहे जो तू तसाही देणार आहेस. पण खरी गंमत पुढे आहे. यावर्षी तू महिन्याला ८ हजारांची बिलं करतोयस, असंच चाललं तर वर्षाचे ९६ हजार, खर्च तेवढाच धरला तर नफा ९१ हजार, आणि त्यावर टॅक्स नि नॅशनल इन्शुरन्स मिळून २६,९०८.६०. त्यातले दोन हप्ते आधी दिलेले असतील म्हणून जानेवारी २०२७ ला १५,१२० उरतील, अधिक पुढचा आगाऊ हप्ता १३,४५४.३०. एकूण २८,५७४.३०. कमाई चढती असताना दर जानेवारी अशीच अंगावर येते. म्हणून प्रत्येक बिल जमा झालं की त्यातले ३० टक्के त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचे. महिनाअखेरीला नाही, त्याच दिवशी. महिनाअखेरीला ते राहिलेले नसतात.

उनाड_मांजर:
ताईंना +१. अजून एक, रिटर्न जानेवारीपर्यंत ताणायची काही गरज नसते, ६ एप्रिलपासून कधीही भरता येतं आणि लवकर भरलं म्हणून पैसे लवकर द्यावे लागत नाहीत. आता जूनमध्येच भरून टाक, आकडा पक्का कळेल आणि जमवायला सात महिने मिळतील. लोक का कोण जाणे उलटं समजतात की भरलं की लगेच खिशात हात घालतील. उशीर झाला तर मात्र एक पैसा देणं नसलं तरी १०० पौंड लागतात, आणि तीन महिने उलटले की रोजचे १० पौंड, ९०० पर्यंत.

लंगडा_घोडा:
हे फारच कामाचं सांगितलंत. आता व्हॅट. ६० हजार झालेत, ९० लांब आहे, बरोबर ना?

शिंपलाताई:
हेच ते अर्धवट बरोबर. व्हॅटला एप्रिल ते एप्रिल कळत नाही. दर महिन्याच्या शेवटी मागे वळून सलग बारा महिन्यांची बेरीज करायची. एप्रिल २०२४ पासून मर्यादा ९० हजार आहे, आधी ८५ होती. तुझीच बेरीज करू. मार्चअखेर ६०. दर महिन्याला एक ४ हजारांचा जुना महिना गळतो आणि ८ हजारांचा नवा शिरतो, म्हणजे बेरीज ४ हजारांनी चढते. एप्रिलअखेर ६४, मेअखेर ६८, असं करत ऑक्टोबरअखेर ८८ आणि नोव्हेंबरअखेर ९२. ओलांडली. मग ३० डिसेंबरच्या आत कळवायचं आणि १ जानेवारी २०२६ पासून बिलावर २० टक्के व्हॅट. पुढच्या फक्त ३० दिवसांतच ९० हजार होतील असं दिसत असेल तर नियम वेगळा, पण तुझं तसं काही नाही.

लंगडा_घोडा:
म्हणजे ज्या जानेवारीत १७ हजार द्यायचेत त्याच जानेवारीत व्हॅटपण सुरू?? आणि समजा मला कळलंच नसतं आणि मी तसाच बिलं करत राहिलो असतो तर?

शिंपलाताई:
तर ज्या तारखेपासून नोंदणी हवी होती तिथपासूनचा व्हॅट तुझ्याकडूनच घेतला असता, तू क्लायंटकडून घेतलास की नाही हा तुझा प्रश्न. क्लायंटने मागाहून द्यायला नकार दिला तर मिळालेल्या रकमेत व्हॅट आहे असं धरतात, म्हणजे सहावा हिस्सा. ६,००० चं बिल असेल तर त्यातले १,००० गेले, वर दंड वेगळा. आणि इन्कम टॅक्सला नंतर भरू म्हणत बसता येत नाही तसं इथेही नाही, तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवस, बस.

उनाड_मांजर:
म्हणूनच कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून "अधिक व्हॅट, लागू झाल्यास" एवढी एक ओळ टाकून ठेवायची. नोंदणी नसताना व्हॅट लावायचा नाही हं, ती ओळ फक्त पुढची सोय.

तुमचे क्लायंट कोण आहेत त्यावर सगळं आहे. क्लायंट स्वतः व्हॅटवाला असेल तर तो तुमचा २० टक्के परत घेतो, त्याला ढिम्म फरक पडत नाही. पण संस्था, छोटा दुकानदार, घरगुती गिऱ्हाईक, यांच्यासाठी तुम्ही एका रात्रीत २० टक्क्यांनी महागलात.

करवतकाका:
ह्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दंडवत. आम्ही किचन बसवायची, सुतारकामाची कामं घेतो. घरगुती गिऱ्हाइकाला ६०० सांगितले की त्याच्या डोक्यात ६००च असतात, त्याला व्हॅट बिट काही माहीत नसतो. नोंदणी झाली की एक तर ७२० सांगायचे आणि काम घालवायचं, नाहीतर ६०० मध्येच ५०० आपले नि १०० सरकारचे. आमच्या लाइनीत कितीतरी जण ८५-८८ ला आले की वर्षाचे शेवटचे दोन महिने कामच घेत नाहीत, गावाला जाऊन येतात. मला ते पटत नाही, धंदा वाढवायचा सोडून मर्यादेखाली वाकून चालायचं, पण त्यांचंही पोट आहे.

आमच्यात अजून एक भानगड असते, सीआयएस, म्हणजे बांधकामवाल्यांची कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीम. मोठ्या बिल्डरकडे सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून गेलो की तो मजुरीतून २० टक्के कापूनच पैसे देतो, आणि तुम्ही सीआयएसला नोंदणी केली नसेल तर ३० टक्के. मटेरियलवर कापत नाही, म्हणून बिलात मजुरी आणि मटेरियल वेगळं दाखवायचं. नवी पोरं एकच आकडा लिहितात आणि मटेरियलचे पण कापून घेतात. वर्षाच्या शेवटी कापलेलं जास्त असेल तर परत मिळतं, पण महिन्याच्या कापणीची स्लिप हवी, ती नसली तर बसा बोंबलत.

नुसता_वाचक:
काका, मग तुम्हाला ते पेमेंट ऑन अकाउंट लागत नाही का?

करवतकाका:
ज्या वर्षी सगळं काम बिल्डरकडे त्या वर्षी ८० टक्क्यांच्या वर आधीच कापलेलं असतं, मग नाही लागत. घरगुती कामं जास्त झाली की लागतं. आणि मार्च २०२१ पासून बिल्डरला बिल देताना, दोघंही व्हॅटवाले असलो आणि काम सीआयएसमधलं असलं तर व्हॅट आम्ही घेतच नाही, बिलावर रिव्हर्स चार्ज लिहायचं, तो हिशोब बिल्डर त्याच्या रिटर्नमध्ये करतो. बिल्डरच शेवटचा ग्राहक असेल आणि त्याने तसं लिहून दिलं असेल तर नेहमीसारखा व्हॅट.

पाटीपेन्सिल:
अवांतर होतंय पण विचारते. मी घरी शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, एकटीच. मलाही ९० हजार मोजायचेत का? (तेवढे झाले तर पेढे वाटीन)

शिंपलाताई:
शाळेत शिकवला जातो तसा विषय, आणि तू स्वतः, स्वतःच्या धंद्यात शिकवतेस, तर ती शिकवणी व्हॅटमधून सूट असलेली आहे. ९० हजारांत मोजायचीच नाही. हाताखाली शिक्षक ठेवलेस तर त्यांनी शिकवलेल्याला ही सूट नाही. पेढे मात्र इन्कम टॅक्स भरून वाट.

लंगडा_घोडा, एक विचारायचं राहिलं. तुझे सगळे क्लायंट यूकेतलेच का?

लंगडा_घोडा:
नाही ना! जानेवारीत आलेल्या दोघांतली एक कंपनी जर्मनीतली आहे. महिन्याला दीड हजार पौंड. काय, अजून काही वाढलं का? 😰

शिंपलाताई:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं रे. वाढलं नाही, कमी झालं. परदेशातल्या धंद्याला अशी सेवा दिली की ती जिथे ग्राहक आहे तिथली धरतात, यूकेच्या व्हॅटच्या बाहेर. ते दीड हजार ९० हजारांच्या बेरजेत येतच नाहीत. आता तुझी बेरीज पुन्हा मांडू. डिसेंबरपर्यंत महिन्याला ४ हजार, जानेवारीपासून ६,५००. सगळे महिने ६,५०० चे झाले तरी बारा महिन्यांचे ७८ हजार. म्हणजे कामं आहेत तेवढीच राहिली तर नोव्हेंबरमध्येच काय, कधीच ओलांडत नाहीस.

पण ती कंपनी खरोखर धंदा करते याचा पुरावा ठेव, त्यांचा जर्मन व्हॅट नंबर मागून बिलावर टाक. समोरचा धंदा नसून खासगी माणूस असता तर उत्तर वेगळं येऊ शकलं असतं. आणि इन्कम टॅक्सच्या वहीत मात्र जर्मनीचे पैसे पूर्ण येतात, तिथे काही सूट नाही, वरचे आकडे तसेच.

उनाड_मांजर:
ताई कमाल. एक उलटी बाजू पण सांगून ठेवतो, परदेशी कंपनीकडून तुम्ही विकत घेतलेल्या सेवा, जाहिराती, सॉफ्टवेअरचं भाडं वगैरे, त्यांच्या बिलावर यूकेचा व्हॅट नसेल तर ती रक्कम तुमच्याच ९० हजारांत धरतात. रिव्हर्स चार्ज. महिन्याला २०० असतील तर २,४००, तुमच्या ७८ चे ८०,४००. तुम्हाला चालेल, पण जाहिरातीवर हजारो घालवणाऱ्यांना हे भोवतं. बिलं उघडून बघा, कोणत्या देशातल्या कंपनीच्या नावाने येतात.

लंगडा_घोडा:
काढून बघितली, तीन परदेशी निघाली, मिळून महिन्याला ६५ पौंड. वाचलो. मग आता मुद्दाम व्हॅट नोंदणी करण्यात अर्थ आहे का? लॅपटॉपवरचा व्हॅट परत मिळतो असं ऐकलं.

शिंपलाताई:
मिळतो. नोंदणीआधी घेतलेली वस्तू अजून धंद्यात वापरात असेल तर चार वर्षं मागचा, सेवांचा सहा महिने मागचा. पण तुझा खर्चच वर्षाला ५ हजार, त्यातल्या इन्शुरन्सवर व्हॅट नसतोच, मग परत मिळून मिळून किती मिळणार. दर तिमाहीचं रिटर्न आणि तेही सॉफ्टवेअरमधूनच भरायचं, एवढा व्याप. सगळे क्लायंट व्हॅटवाले असतील तर विचार कर, एकही संस्था किंवा छोटा दुकानदार असेल तर मी थांबले असते.

लंगडा_घोडा:
एक संस्था आहे, जुनी, पहिलं काम त्यांनीच दिलं. मग थांबतो. फ्लॅट रेट स्कीम काय असते?

उनाड_मांजर:
खरेदीवरचा व्हॅट वजा न करता उलाढालीवर ठरलेल्या एका दराने व्हॅट भरायचा, ती. पण त्याची आशा सोडा. एके काळी आमच्यासारख्यांची त्यात चंगळ होती. आता वस्तूंवरचा खर्च उलाढालीच्या २ टक्क्यांहून कमी किंवा वर्षाला हजार पौंडांहून कमी असेल तर दर साडेसोळा टक्के, आणि तो लागतो व्हॅट धरूनच्या रकमेवर. हजाराचं काम, दोनशे व्हॅट, बाराशेवर साडेसोळा टक्के म्हणजे १९८ भरायचे. तुमच्या हातात २ पौंड. आणि त्या दोन पौंडांसाठी खरेदीवरचा व्हॅट परत मागायचा हक्क सोडायचा. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरवाल्या माणसाच्या "वस्तू" होतात कुठे, लॅपटॉप त्यात मोजत नाहीत.

नुसता_वाचक:
पण सगळे लिमिटेड कंपनी काढ म्हणतात ते? टॅक्स वाचतो म्हणे.

उनाड_मांजर:
पूर्वी बऱ्यापैकी वाचायचा. आता ५० हजारांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स, वर गेलं की चढत २५ पर्यंत, मग उरलेलं डिव्हिडंड म्हणून काढलं की त्यावर पुन्हा टॅक्स आणि त्यातले बिनटॅक्सचे फक्त ५०० पौंड. शिवाय आयआर३५ गळ्यात, म्हणजे कंपनीआडून नोकरासारखं काम करणाऱ्याला नोकरासारखाच टॅक्स लावायचा नियम. एकाच कंपनीत नोकरासारखं बसून काम करत असाल तर मध्ये लिमिटेड घातल्याने काही साधत नाही, एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्याच ठरवतात तुम्ही आत की बाहेर. वेगळ्या कारणांसाठी काढा, देणी अंगावर येऊ नयेत म्हणून वगैरे. टॅक्ससाठी काढत असाल तर आधी आकडे मांडा.

करवतकाका:
खर्चाचं कुणी बोललं नाही. गाडीचे पहिल्या १० हजार मैलांना ४५ पेन्स, पुढे २५. घरून काम करत असशील तर तासांप्रमाणे महिन्याला १०, १८ किंवा २६ पौंड ठोक धरता येतात, किंवा खरा खर्च वाटून काढायचा. क्लायंटला जेवायला नेलंस ते धरायचं नाही. आणि कागद फेकू नकोस, ३१ जानेवारीच्या तारखेनंतर पाच वर्षं ठेवायचे.

शिंपलाताई:
काका, बरं झालं आठवण केलीत. घोड्या, तुला अजून एक. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये तुझी उलाढाल ५० हजारांच्या वर आहे, म्हणजे ६ एप्रिल २०२६ पासून तुला इन्कम टॅक्सचं मेकिंग टॅक्स डिजिटल लागू. हिशोब सॉफ्टवेअरमध्ये, आणि दर तिमाहीला आकडे पाठवायचे, ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. इथेही बघतात ती उलाढालच, खर्च वजा करून नाही. पैसे भरायच्या तारखा त्याच. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३० हजारांवर येतेय, त्यामुळे बाकीच्यांनीही हसू नका. वहीत लिहीत असशील तर आत्ताच सॉफ्टवेअरवर ये, एप्रिलमध्ये धावपळ नको.

लंगडा_घोडा:
वही नाही, एक्सेल आहे. त्यात आता तीन रकाने वाढवले, यूकेची उलाढाल, परदेशी सेवा, आणि बारा महिन्यांची सरकती बेरीज. ८५ च्या वर गेली की रकाना लाल होतो. रिटर्न या शनिवारी बसून भरतो. आणि साठवायचं खातं उघडलं, मार्चपासूनच्या बिलांचे ३० टक्के तिकडे टाकले तर चालू खात्यात जे काय उरलंय ते बघून बायको म्हणते तू खरंच ८ हजार कमावतोस का.

पाटीपेन्सिल:
😂😂 त्यांना धाग्याची लिंक द्या.

नुसता_वाचक:
शेवटचा एक, मग गप्प बसतो. नोकरी चालू आहे, पगारातून टॅक्स कापला जातो, बाजूने फोटोग्राफी करतो. २०२४-२५ मध्ये १,३०० पौंडांची बिलं झाली पण ६०० खर्च झाला, म्हणजे हातात ७००. बाजूच्या धंद्याच्या पहिल्या हजार पौंडांना सूट असते म्हणे, त्या हजाराच्या आत आहे ना, मग सेल्फ असेसमेंट नको ना?

शिंपलाताई:
हजार बिलांचे मोजायचे, हातात उरले त्याचे नाहीत. १,३०० झाले, ५ ऑक्टोबरच्या आत नोंदणी कर. रिटर्न भरताना मात्र ६०० खर्चाऐवजी हजाराची सूट घे, म्हणजे टॅक्स फक्त ३०० वर. दोन्ही एकदम घेता येत नाही.